हंसराजाचा उन्हाळा

नगर जिल्ह्यात पाऊस सारखा वाटून आलेला नाही. अकोले तालुक्यातलं घाटघर, रतनवाडी, हरिश्चंद्रगड आषाढात धुक्यात बुडतात. तिथे झाडांच्या खोडांवरही नेचा उगवतो. इकडे पाथर्डी-जामखेडकडे ढग येतात आणि पुष्कळदा न बरसताच पुढे जातात. म्हणून या बाजूला अंगणात नेचे लावायचे म्हटलं की लोकांना नवल वाटतं.

पण एखाद्या जुन्या आडात वाकून बघा. चुन्याच्या सांध्यांतून हंसराज लोंबत असतो. केसासारखं काळंभोर, चकचकीत देठ, त्यावर अर्धचंद्राकार पानं. पाणी शिंपडलं तर पानं भिजतच नाहीत, थेंब घरंगळून जातात. खडकाच्या भेगेत मयूरशिखा असते, वीतभरही उंच नाही. उन्हात ती आवळून वाळते आणि पाऊस लागला की पुन्हा उलगडते. नगरच्या बागेसाठी वाण निवडायचं तर मी यांच्यातूनच निवडीन.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात 1942 ते 1945 या काळात कैदेत असताना नेहरूंनी वाफे खणले. तिथली माती निकस, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामाच्या राड्यारोड्याने भरलेली होती, असं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त आहे. फुलझाडांना ते जाचकच. हंसराजाला मात्र चुन्याचा राडारोडा मानवतो. कुंडीत विटांचे तुकडे, थोडा जुना चुना, पानांचं खत घालावं आणि ती उत्तरेच्या भिंतीला, झिरपणाऱ्या रांजणाशेजारी ठेवावी.

दिवाळीनंतर हंसराज पिवळा पडू लागतो, होळीला मातीवर काहीच उरत नाही. चांगल्या चांगल्या कुंड्या याच वेळी उकिरड्यावर जातात, आणि ते बघून जीव तुटतो. मातीखालचं खोड जिवंत असतं! पाणी कमी करावं, पूर्ण तोडू नये. बोटाने माती चाचपावी. मृगाच्या सरींनी गुंडाळलेले कोंब वर येतात. पुढे पानाचा लांबलेला शेंडा मातीला टेकला, की तिथेच मुळं धरून नवं रोप होतं.

हरिश्चंद्रगडावरून मात्र नेचा उपटून आणू नये. ते अभयारण्य आहे. आणि आडाचे सांधे सिमेंटने भरण्याआधी आतला हंसराज काढून घ्यावा. पानाच्या मागे दुमडलेल्या कडेखाली बीजाणू असतात. पिकलेलं पान कागदावर झटकून ते भिजवलेल्या विटेवर पेरावेत, वर काचेची बरणी पालथी घालावी. काही आठवड्यांनी विटेवर नखाहून लहान, हिरवे, हृदयाकार पापुद्रे धरतात. त्यांच्यातली नरपेशी पाण्यातून पोहूनच अंडपेशीपर्यंत पोचते, तेव्हा तेवढे दिवस वीट सुकू द्यायची नाही.