फडाचा दिवस

मराठी नाटकमंडळ्यांच्या आठवणी वाचताना एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे त्यांत जेवणे फार आहेत. कंपनीचे बिऱ्हाड कुठल्या गावी कुणाच्या वाड्यात पडले, पंक्तीला काय होते, तालमीत मालक कुणावर का रागावले, असले तपशील वाचकाला कंटाळा येईपर्यंत मिळतात. चिंतामणराव कोल्हटकरांच्या ‘बहुरूपी’सारख्या पुस्तकामुळे नट हा बिऱ्हाडात राहणारा माणूस म्हणूनही आपल्याला ठाऊक झाला. तमाशाच्या वाट्याला हे फारसे आले नाही. म. वा. धोंडांच्या ‘मऱ्हाटी लावणी’पासून (१९५६) लावणीच्या रूपाची चर्चा आपल्याकडे होत आली आहे आणि ती मोलाचीही आहे, पण ती लावणी म्हणणारी बाई दुपारी दोन वाजता काय करीत असते, हा प्रश्न वाङ्मयाचा मानला गेला नाही. आम्हाला तो वाङ्मयाचाच वाटतो.

आम्ही कडेगावच्या परिसरात मराठी शिकवणारी दोघेतिघे जण आहोत. पठ्ठे बापूरावांचे रेठरे हरणाक्ष आमच्याच सांगली जिल्ह्यातले, काळू-बाळूंचे कवलापूरही याच जिल्ह्यातले. तरीही आमच्या वर्गात तमाशा येतो तो ‘तमाशाची अंगे सांगा’ या प्रश्नाच्या रूपाने. गण, गौळण, बतावणी, लावणी, वग असे उत्तर मुले घडाघडा लिहितात. हा क्रम असाच का, बतावणी नेमकी तिथेच का, हे कुणी विचारीत नाही. विचारले तर ‘परंपरा’ या शब्दावर भागते.

म्हणून २०१९ च्या चैत्रात आम्ही काही विद्यार्थ्यांना घेऊन तालुक्यातल्या एका यात्रेला गेलो, आणि मुद्दाम सकाळीच गेलो. फड पहाटे आला होता. दोन ट्रक शाळेच्या भिंतीलगत उभे होते. एका ट्रकात कनातीच्या घड्यांवर बायका झोपल्या होत्या. उन्हे अंगावर येत तशी त्यांची कूस बदलत होती. पुरुषांपैकी काही जण फळ्या उतरवून रंगमंच उभा करण्याच्या कामाला लागलेले. चुलीवर आमटीचे पातेले चढले होते. जागे झाल्यावर बायकांचे पहिले काम म्हणजे पाणी शोधणे. हातपंप कुठे, धुणे कुठे धुवायचे, आडोसा कुठे मिळेल, याची विचारपूस त्या घरोघर करीत होत्या, आणि दारे अर्धवट उघडून उत्तरे मिळत होती. रात्री ज्या गावाच्या शिट्ट्या थांबणार नव्हत्या त्या गावात सकाळी एक न्हाणीघर मोकळे होत नव्हते. शेवटी शाळेच्या शिपायाने कुलूप काढून दिले. हे लिहिताना गावाचे नाव आम्ही टाळले आहे, कारण दुसऱ्या गावी याहून वेगळे घडले असते असे आम्हाला वाटत नाही.

आमच्यातल्या एका विद्यार्थिनीने फडातल्या वडीलधाऱ्या बाईंना विचारले, “मावशी, तुम्ही नाचायला कुठं शिकलात?”

“नाचायचं मागनं शिकले गं बाई. आधी चालत्या ट्रकात झोपायला शिकले.”

सारे हसले. मावशी हसल्या नाहीत, त्या चाळाची वादी शिवत राहिल्या. घोट्याला जिथे चाळ बसतो तिथे त्या जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळतात. कातडीवर काळे वळे पडले होते.

पण त्या दिवसातले आमचे खरे शिक्षण सोंगाड्याने केले. दुपारी जेवण आटोपून तो गावात निघाला तेव्हा आम्ही त्याच्यामागे गेलो. तो न्हाव्याच्या दुकानात शिरला. दाढी करून घेता घेता त्याने सरपंच कोण, मागचा कोण, उसाचे बिल किती दिवस थकले आहे, टेंभूचे पाणी कुठल्या शिवाराला पोचले आणि कुठल्या राहिले, हे सगळे काढून घेतले. आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात आहेत आणि यात्रेला ती घरी येतात. कुठल्या आळीत कोण कुठल्या शहराहून आला आहे, हेही त्याच्या खिशात पडले. रात्री बतावणीत यातली प्रत्येक गोष्ट बाहेर आली. पेंद्याने मावशीला विचारले की मथुरेच्या बाजाराला जायचे सोडून तू मदुराईला का निघालीस, तेव्हा गलाईवाल्यांच्या बाजूने जो हशा उठला तो कुठल्याही लिखित संहितेत सापडणार नाही. ज्याला आम्ही वर्गात ‘उत्स्फूर्तता’ म्हणतो तिच्यासाठी दुपारभर मेहनत करावी लागते.

बतावणी तिथेच का, याचेही उत्तर त्यानेच दिले. “गुरुजी, कुस्त्यांचं मैदान सुटायचं, माणसं घरी जाऊन जेवायची, मग येणार. गाव बसेस्तवर ताणायचं. गाव बसलं की मग वग.” म्हणजे गण-गौळण ही देवाची आणि रिकाम्या मैदानाची, बतावणी ही रबरासारखी, हवी तेवढी लांबणारी, आणि जो भाग तुटता कामा नये तो वग, सर्वांत शेवटी, लोक स्थिरावल्यावर. गाव उशिरा जमते, कधी भांडण होते, कधी वीज जाते, कधी अवकाळी येते: या सगळ्याला पुरून उरेल अशीच ही बांधणी आहे. रूपबंधाचा हा खुलासा एकमेव आहे असे आम्ही म्हणत नाही. कृष्णकथेची, भक्तिपरंपरेची बाजू आहेच. पण कामाच्या वेळापत्रकाने वाङ्मयप्रकाराला आकार येतो, हे कादंबरीच्या बाबतीत आपण सहज मान्य करतो (मासिकांतून क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्यांवर किती लिहिले गेले आहे!) आणि तमाशाच्या बाबतीत विसरतो.

त्याचा व्यत्यासही पाहावा. वग लोपला याचे खापर आपण बहुधा प्रेक्षकांच्या घसरलेल्या अभिरुचीवर, सिनेमाच्या गाण्यांवर फोडतो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई करणारे नियम २००० साली आले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर शिक्कामोर्तब केले. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत राहिली. नियम सर्वत्र एकच, त्याचे पालन गावागणिक निराळे. पण ज्या खेळाची घडण पहाटेकडे तोंड करून झाली आहे, त्याला दहाचा किंवा बाराचा काटा लागला तर कापले काय जाणार? शेवटचे अंगच. नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. आजारी माणूस आणि परीक्षेचे पोर प्रत्येक गावात असते. एवढेच, की वगाच्या मरणाची कारणे शोधताना घड्याळाकडेही पाहायला हवे.

आमचा एक जुना विद्यार्थी पर्यटन जहाजावर नर्तक आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनातून तो तिथवर पोचला. सुटीत तो आला तेव्हा आम्ही त्याला फडाविषयी सांगितले आणि तो एकेक गोष्ट ओळखीची असल्यासारखी मान हलवीत गेला. त्याचाही करार महिन्यांचा, करार संपला की घरी बिनपगारी. त्याचीही खोली दुसऱ्याबरोबर वाटून घेतलेली, बिनखिडकीची. प्रवासी दर फेरीला नवे आणि कार्यक्रम तोच. फरक विचारला तेव्हा त्याने एक कागद दाखवला. जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांती द्यावी लागते, आणि तिची नोंद ठेवावी लागते. ती नोंद प्रत्यक्षात कशी भरतात यावर तो काही बोलला नाही. पण विश्रांतीला निदान रकाना आहे.

फडात रकाना एकच, उचलीचा. पावसाळ्यात, फड बंद असताना, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या आजारपणाला मालकाकडून उचल घ्यायची आणि दसऱ्यापासून वैशाखापर्यंत ती नाचून, वाजवून फेडायची. मालकही सावकाराकडून आणलेले पैसेच पुढे सरकवीत असतो, हे सांगायला हवे.

इथे विठाबाई नारायणगावकरांची ती गोष्ट आठवते. दिवस भरलेले असताना त्या उभ्या राहिल्या, खेळ चालू असतानाच पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर आल्या, असे सांगतात. भाषणांतून, लेखांतून, वर्गांतूनही ती कलानिष्ठेची कथा म्हणून सांगितली जाते. आम्हीही ती तशीच ऐकली. विठाबाईंच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचा प्रश्नच नाही. परंतु मावशींच्या पुढ्यात आमच्या एका विद्यार्थ्याने ती भारावून सांगितली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “त्या दिवशी खेळ बंद ठेवला असता तर सुपारीचं पैसं कुणी दिलं असतं?” राज्य शासनाने २००६ पासून विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. २००२ साली त्या गेल्या, त्याआधीची त्यांची अखेरची वर्षे हलाखीची होती.

पुढच्या वर्षीचा गुढीपाडवा २५ मार्च २०२० रोजी होता. नारायणगावच्या राहुट्यांमध्ये ज्या सुमारास गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपाऱ्या ठरवायला येतात, नेमक्या त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. यात्रा रद्द झाल्या, दुसऱ्या वर्षीही बहुतेक ठिकाणी रद्दच राहिल्या. सोंगाड्याशी आमचे फोनवर बोलणे होत असे. तो द्राक्षबागेत रोजाने जात होता. हंगाम गेला तरी उचल गेली नव्हती. ती पुढच्या हंगामावर चढली आणि मग त्याच्या पुढच्यावर. फोनवर तो विनोद करीत नसे. एकदाच म्हणाला की बागेतल्या माणसांना गावाच्या बातम्या आधीच माहीत असतात, त्यांना काय सांगणार.

त्या यात्रेहून परतल्यावर आम्ही विद्यार्थ्यांना टिपणे लिहायला सांगितली होती. बहुतेकांनी लावण्यांचे शब्द उतरवून आणले. एकीच्या वहीत मात्र फक्त वेळा होत्या: ५.४० ट्रक आले, ९.१५ पाणी मिळाले, १.३० जेवण, २.१० न्हावी, ७ ला रंग लावायला सुरुवात, ९.५० गण, १०.१० गौळण, १०.३५ ते ११.४० बतावणी, १२.२० वग सुरू, १.०५ ला पोलीस पाटील आले, १.१० वग थांबवला. त्याखाली, सकाळी ८ वाजता देवळापुढे हजेरी, आणि कंसात तिने लिहिले होते, ‘झोप किती ते विचारले, उत्तर मिळाले नाही.’ तिला आम्ही सर्वांत जास्त गुण दिले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते कमी केले. त्यात साहित्यविषयक काही नाही, असा त्यांचा शेरा होता.