नळी, मुखवटा आणि पाण्याची बादली

२०२५ साली दिवाळी आणि हॅलोवीन यांच्यात जेमतेम अकरा दिवसांचं अंतर होतं. भोपाळात दिवाळी २० ऑक्टोबरला झाली, आणि ३१ ला मुलांची ही नवी भुताटकी. माझी नणंद तिथे बाग सेवनियात राहते. दिवाळीचा फराळ घेऊन मी गोवा एक्सप्रेसने तिच्याकडे गेले, तेव्हा भाची काळा झगा शिवून घेण्याच्या मागे लागली होती. घरात मोठ्यांच्या तोंडी मात्र दुसराच विषय होता, कार्बाइड गन.

आपल्याकडे कार्बाइड म्हटलं की आंबे आठवतात. फळं पिकवायला ते वापरण्यास बंदी आहे, तरी त्याचा तो उग्र वास आपल्याला ठाऊक असतो. त्याच खड्याचं हे खेळणं. प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा, मागे गॅस पेटवायचा लायटर, आत कार्बाइडचा खडा आणि थोडं पाणी. पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो, ठिणगी पडली की मोठा बार. शेतातली माकडं हाकलायला अशी नळी वापरतात. २०२५ च्या दिवाळीत ती दीड-दोनशे रुपयांना रस्त्यावर विकायला आली आणि मोबाइलवरच्या रील्स बघून मुलांनी ती घेतली.

घात झाला तो बार न उडाल्यावर. ‘का नाही वाजली?’ म्हणून मूल नळीत डोकावतं आणि नेमका तेव्हाच वायू पेट घेतो. मध्य प्रदेशात शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यांत मुलंच जास्त होती. भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात अशा मुलांची रांग लागली. काहींची दृष्टी गेली. मग विक्रेत्यांवर गुन्हे दाखल झाले. पण तोवर दिवाळी होऊन गेली होती.

यात फक्त जाळ नसतो, हे मला तिथेच कळलं. कार्बाइडमध्ये पाणी पडलं की वायूबरोबर चुनाही तयार होतो. तोच आपल्या पानाच्या डब्यातला चुना, कन्नडमधला सुण्ण. तो डोळ्यात गेला की बुबुळ आतपर्यंत भाजत जातं. आपल्या भागात तंबाखू-चुना घराघरांत, आणि चुन्याची पुडी दाबून खेळताना ती फुटून डोळ्यात उडाल्याचे प्रकारही होतातच. तेव्हा हे फक्त भोपाळचं दुखणं नाही. असं काही झालंच तर मुलाला डोळे चोळू देऊ नये. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं सोडत राहावी आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं. तूप, मध, गुलाबपाणी, आजीबाईचा बटवा यांतलं काहीही नको. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी कर्नाटकात ‘नीरु तुंबुव हब्ब’ असतो, घागरी-हंडे घासून पाण्याने भरून ठेवतात. माझ्या सासूबाई तो अजून करतात. त्यातलीच एक बादली अंगणात, फटाक्यांजवळ ठेवली तर काय बिघडलं?

आता हॅलोवीन. ‘हे आपलं नाही’ अशी तक्रार मी करणार नाही. नरकासुर जाळणारे आपण, मुलांनी भुताचं सोंग घेतलं तर नाक कशाला मुरडायचं? मला भीती भुताची नाही, त्या झग्याची वाटते. बाजारातला झगा नायलॉनचा असतो, तो पेटला की वितळून कातडीला चिकटतो. २०१४ साली इंग्लंडमध्ये क्लॉडिया विंकलमन या टीव्ही निवेदिकेच्या आठ वर्षांच्या मुलीचा हॅलोवीनचा पोशाख मेणबत्तीला लागून पेटला होता. जवळ आईसह मोठी माणसं होती, तरीही ती पोर गंभीर भाजली. त्यानंतर तिकडे अशा पोशाखांच्या कापडावर बरीच चर्चा झाली.

माझी नणंद या बाबतीत पक्की आहे. झगा तिने जुन्या सुती साडीचा शिवून दिला, घोट्याच्या वर येईल असा. मुखवटा नाही, त्याच्या भोकांतून जिन्याच्या पायऱ्या दिसत नाहीत. काजळ आणि कुंकवाने तोंड रंगवलं, झालं भूत. भोपळा कोरला (भोपाळात भोपळा म्हणून भाच्याने यथेच्छ हसून घेतलं), पण आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा. आणि फिरायचं ते आपल्याच इमारतीत, ओळखीच्या दारांवर, सोबत एक मोठं माणूस. ते काम माझ्याकडे आलं. चार मजले चढून-उतरून माझे गुडघे बोलायला लागले, पण एका दारी मिठाईऐवजी गरम भजी मिळाली!

भाच्याच्या वर्गातला, खालच्या मजल्यावरचा एक मुलगा त्या संध्याकाळी बाहेर आला नाही. त्याच्या उजव्या डोळ्यावर अजून पट्टी होती. भाचीने त्याच्या वाट्याच्या गोळ्या वेगळ्या काढल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या द्यायला गेलो. तो गोळ्या मोजत बसला, आणि त्याची आई त्याच्या थेंबांची वेळ झाली का ते घड्याळात बघत होती.