हरताळ फासणे

'नियमांना हरताळ फासला' हे वाक्य वृत्तपत्रांत वरचेवर आढळते. आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांस त्याचा अर्थ पुसावा, तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बंद दुकाने उभी राहतात. परंतु तो हरताळ निराळा. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्ध देशभर पाळला गेला तो 'हडताळ', म्हणजे हाटाला टाळे. फासावयाचा हरताळ हे खनिज होय. गंधक व आर्सेनिक यांचे पिवळेजर्द संयुग, सोमलाचे भावंड आणि तसेच विषारी. संस्कृतात तो हरिताल. इंग्रजीतील 'आर्सेनिक' हा शब्दही ग्रीकांनी पूर्वेकडून उचललेल्या या पिवळ्या द्रव्याच्याच नावावरून आलेला आहे, आणि त्या नावाच्या मुळाशी इराणी भाषेतील सोने आहे.

पोथी लिहिताना प्रमाद घडला, की लेखनिक त्या अक्षरांवर हरताळाचा लेप देत व तो वाळला म्हणजे त्यावर शुद्ध पाठ लिहीत. द्रव्य विषारी खरे, पण ते अशुद्धावर पडे, आणि लेप हे काम अर्धेच असे. आज हरताळ फासला जातो तो वचनांवर, तत्त्वांवर, न्यायावर. शुद्ध तेवढे झाकते आणि वर कोणी काही लिहीत नाही. यात भाषेचा दोष आम्हांस दिसत नाही. तिने शब्द तोच ठेवला. फासणारे हात मात्र बदलले, आणि तेही तिने इमानाने नोंदविले.