कार्यानुभवाचा तास : काठी धरायची कोणी?



तुमच्या वर्गात दोरा, काठी, तार असलं काही काम चालू असेल तर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अरे, नीट धर ना!" एकजण बांधतो आणि दुसरा धरतो. बांधणारा मन लावून काम करतो, धरणारा कंटाळतो, हात हलतो आणि भांडण होतं. हे धरायचं काम कोणाकडे जातं, हेही एकदा निरखून बघा. बहुतेक वेळा गटातल्या सगळ्यात गप्प मुलाकडे किंवा मुलीकडे. घरीसुद्धा तेच. बाबा पंख्याची दुरुस्ती करणार आणि पोरानं टॉर्च धरायचा. उजेड जरा इकडेतिकडे झाला की ओरडा खायचा. त्या पोराला पंख्याबद्दल काय कळतं? काही नाही.

आज धरण्याबद्दलच लिहायचं आहे. मी शिकले ते मासेमारीच्या काठीवरून.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा फिशिंग रॉड बनवतात आणि दुरुस्त करतात. आपल्याकडे खडकवासला, पानशेतच्या पाण्यावर गळ टाकून बसणारी हौशी मंडळी बरीच आहेत. कटला, रोहू, चिलापी, कधी मरळ. उजनीकडे जाणारे वेगळेच. मुंबईत पवई तलावावर तर या हौशी लोकांची जुनी संघटनाच आहे. तयार रॉड दुकानात मिळतोच, पण ज्याला आपल्या हाताच्या मापाचा हवा तो असा बनवून घेतो. कार्यानुभवाच्या तासाला तुम्ही याल का, असं मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, आमचं काम म्हणजे काय, दोरा गुंडाळायचा. त्यात पोरांना शिकवण्यासारखं काय आहे?"

मी म्हटलं, तुम्ही या तर खरं.

आता हे काम काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रॉडची मूळ काठी म्हणजे एक पोकळ नळी. ग्लास फायबरची किंवा कार्बन फायबरची, मुठीकडे जाड आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली. तिला ते लोक ब्लँक म्हणतात. या नळीवर ओळीनं कड्या बसवायच्या असतात, ज्यांतून मासेमारीची दोरी जाते. या कड्या बसवायला नळीला भोक पाडता येत नाही, स्क्रूही मारता येत नाही, कारण भोक पाडलं की नळी तिथूनच मोडणार. म्हणून प्रत्येक कडीला छोटे चपटे पाय असतात. ते पाय नळीवर टेकवायचे आणि वरून बारीक दोऱ्याचे वेढे एकाला एक चिकटून घालायचे. शेवटी त्यावर इपॉक्सीचा थर. मासा ओढतो तेव्हा त्या कड्यांना जागेवर ठेवतात ते हे वेढे. एकही गाठ नसते! सुरुवातीला दोऱ्याचं टोक काठीवर आडवं ठेवून त्याच्यावरूनच पाचसहा वेढे घ्यायचे, टोक आपोआप दाबलं जातं. शेवटी दुसऱ्या दोऱ्याचा एक फासा शेवटच्या सहासात वेढ्यांखाली आधीच ठेवलेला असतो. मुख्य दोऱ्याचं टोक त्या फाशात घालायचं आणि फासा ओढून घ्यायचा. टोक वेढ्यांखाली गुडूप. पोरं म्हणाली, "काका, जादू!" क्रिकेटच्या बॅटच्या दांड्यावर रबरी ग्रिपच्या आत जो दोरा असतो, तोही असाच वेढ्यांनी बांधलेला असतो. बासरी फुटू नये म्हणून तिच्यावर दोऱ्याचे पट्टे असतात, ते आठवा. मिरजेच्या सतारीचे पडदेसुद्धा दांडीला खिळे मारून बसवत नाहीत, दोऱ्यानं बांधतात. आपल्या आजूबाजूला दोऱ्यावर किती गोष्टी उभ्या आहेत!

पण काकांनी पहिली पंधरा मिनिटं दोऱ्याला हातच लावला नाही. ते फक्त काठी ठेवायची कशी, हे दाखवत होते.

आपण काठीला दोरा गुंडाळतो तेव्हा बहुतेक वेळा दोरा काठीभोवती फिरवतो. इथे उलटं आहे. दोरा एका जागी, ताणात, आणि फिरते ती काठी. म्हणजे काठी घट्ट आवळून चालणार नाही, ती फिरली पाहिजे. पण मोकळीही सोडता येणार नाही, ती इकडेतिकडे सरकली तर वेढ्यांत फटी पडणार. हे दोन्ही एकाच वेळी जमवायचं. त्यासाठी त्यांच्याकडे लाकडाचे दोन उभे ठोकळे होते. प्रत्येकाच्या डोक्यावर व्ही आकाराची खाच आणि खाचेत मऊ कापड, म्हणजे नळीवर चरे पडत नाहीत. बस्स.

मी मुलांना विचारलं, खाच व्ही आकाराचीच का? गोल का नाही? थोडा वेळ शांतता. मग एकजण म्हणाला, "गोल केली तर एकाच जाडीची काठी बसेल." बरोब्बर. काठी तर निमुळती आहे, दर बोटाला जाडी बदलते. व्हीच्या खाचेत जाड काठी जरा वर बसते, बारीक काठी जरा खाली, पण दोन्ही दोन बाजूंना टेकतात आणि मधोमधच बसतात. फळ्यावर एक कोन काढून त्यात लहानमोठी वर्तुळं काढून दाखवली. वर्तुळ आणि कोन एकाच चित्रात एवढ्या कामाला आलेले मी तरी आधी पाहिले नव्हते.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडली. दोरा येतो कुठून? वरून आला तर त्याचा ताण काठीला खाचेतून बाहेर उचलतो. खालून आला तर तोच ताण काठीला खाचेत दाबून बसवतो. म्हणजे जी ओढ काम बिघडवेल असं वाटतं, तीच काठी धरून ठेवते, फक्त दिशा नीट हवी. आणि टोकाकडचा भाग इतका लवचिक की दोऱ्याच्या ओढीनं वाकतो, म्हणून ज्या ठिकाणी बांधायचं त्याच्या अगदी जवळ आधार सरकवायचा. लांब रॉडला तिसरा ठोकळा लागतो, नाहीतर शेपूट लोंबतं.

एवढं झाल्यावर मी आमचा वर्गातला सरंजाम काढला. आम्हाला खरा रॉड बनवायचा नव्हता. शाळेत गळ, काटे यांना मी मुळीच परवानगी देणार नाही. आम्ही पहिलीच्या वर्गासाठी खेळाच्या काठ्या बनवत होतो. दोरीच्या टोकाला लोहचुंबक, खाली कागदी मासे, माशाला यू-पिन आणि माशावर एक अंक. पकडलेल्या दोन माशांची बेरीज करायची. खेळ तुम्हाला माहीत असेलच. फक्त बाजारातून आणण्याऐवजी चौथीनं तो पहिलीसाठी करायचा होता.

सामान असं होतं : बुटाचे रिकामे खोके, बांबूच्या हातभर काठ्या, गोधडीचा जाड दोरा, यू-पिन वाकवून केलेल्या कड्या. बांबू बुरूड आळीतून आणला. (तिथे जाल तेव्हा पाच मिनिटं थांबून बघा, बुरूड काम करताना बांबू पायानं कसा धरतात ते. दोन्ही हात मोकळे! आपण खुर्चीवर बसायला लागलो आणि हे दोन जादा हात गमावून बसलो.) काठी घेताना पेर कमी असलेली घ्या, पेराच्या उंचवट्यावर वेढे घसरतात.

खोक्याच्या दोन आखूड बाजूंना समोरासमोर व्ही खाचा कापल्या, त्यांत जुन्या फलालीनच्या पट्ट्या चिकटवल्या. समोरची लांब बाजू कापून टाकली, म्हणजे हात आत जातो. खोक्यात एक जाडजूड पुस्तक ठेवलं. दोऱ्याचं रीळ वाटीत, दोरा पुस्तकाच्या पानांमधून वर काठीकडे. पानांच्या दाबानं दोऱ्याला ताण येतो, वर आणखी पुस्तक ठेवलं की ताण वाढतो. शिवाय वजनामुळे खोका जागचा हलत नाही. घरच्या घरी रॉड बांधणारे लोक हीच युक्ती करतात, असं काका म्हणाले. ताण बेतानं ठेवा. बांधून झाल्यावर कडी अंगठ्यानं किंचित सरकवता आली पाहिजे, कारण सगळ्या कड्या एका रेषेत आणायचं काम शेवटी होतं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचा डावा हात जन्मापासून अशक्त आहे. बोटं मिटतात, पण पकड येत नाही. अभ्यासात चांगला, बोलण्यात तर फारच चांगला. पण कार्यानुभवाच्या तासाला दरवेळी तो रंग द्यायला किंवा "नावं लिहायला" असायचा. आधीच्या इयत्तांमध्येही तसंच होतं. कोणी वाईट हेतूनं करत नाही. त्याला सोपं काहीतरी द्या, असंच सगळे म्हणतात. डी.एड.ला आमची कार्यानुभवाची फाइल होती, तीत नमुने चिकटवून झाले की गुण मिळायचे. एका हातानं काम करणाऱ्या मुलाबद्दल त्या फाइलमध्ये एक पानही नव्हतं.

खोक्यावर काठी ठेवल्यावर धरणारा लागतच नाही. तरी त्याची एक अडचण उरली. एका हातानं काठी फिरवायची, मग वेढे नखानं सारून जवळ आणायचे, तर तेवढ्यात काठी सुटते आणि ताणामुळे उलटी फिरून वेढे सैल होतात. दोन हात असणाऱ्यांना हे जाणवतही नाही, दुसरा हात आपोआप काठी दाबून धरतो.

मी काकांकडे बघितलं. ते काही न बोलता त्यांच्या पिशवीतून एक रबरबँड काढून बसले. खाचेच्या दोन्ही बाजूंना एकेक पुशपिन, आणि रबर काठीवरून ताणून दोन्हीकडे अडकवलं. झालं. काठी हातानं फिरवली की फिरते, सोडली की जिथल्या तिथे थांबते. म्हणाले, "माझ्या ठोकळ्यावर पण आहे हे. मला पण चहा प्यायला हात लागतो ना!"

त्या दिवशी त्या मुलानं तीन कड्या बांधल्या. पहिली वाकडी होती, वेढ्यांमधून बांबू दिसत होता. ती त्यानं स्वतःच उसवली. दुसऱ्या वेळी दर चारपाच वेढ्यांनंतर थांबून नखानं सारत गेला. तिसऱ्या कडीच्या वेळी मी बघितलं तर डाव्या हाताचं मनगट काठीवर टेकवून तो ती खाचेत दाबत होता. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. फाशातून टोक ओढायचं तेवढं त्यानं दातांनी केलं. मी ओरडले नाही, दोरा धुतलेला आहे अशी मनाची समजूत घातली.

आणि मग शेजारच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आमच्या खोक्याला पण रबर पाहिजे!" पुढच्या तासाला सगळ्याच खोक्यांवर रबर होतं. ते त्याच्यासाठी केलेलं खास साधन म्हणून उरलंच नाही. याचा मला जास्त आनंद झाला. काम सोपं करून देणं आणि काम धरून देणं यांत फरक आहे, आणि पालकांनो, तुम्ही रात्री जागून मुलांचे प्रकल्प पूर्ण करता तेव्हा त्यातलं काय करता, ते एकदा बघा.

गणित हवं असेल तर तेही यात भरपूर आहे. एका दोऱ्याची जाडी पट्टीनं मोजता येत नाही. पण 20 वेढे चिकटून घाला आणि त्यांची रुंदी मोजा. आमच्या दोऱ्याचे 20 वेढे 2 सेंटिमीटर भरले, म्हणजे एक दोरा 1 मिलिमीटर. मग 3 सेंटिमीटरचा पट्टा करायचा तर किती वेढे? उत्तर आधी काढायचं, मग काठी फिरवताना मोजायचं. एका गटाचे 30 ऐवजी 34 झाले. वेढे एकमेकांवर चढले होते, हे त्यांनीच शोधून काढलं.

इपॉक्सी मुलांच्या हाती देऊ नका, कातडीला चांगलं नाही. आम्ही फेविकॉल पाण्यात पातळ करून ब्रशनं लावला, तो वाळला की पारदर्शक होतो. लावल्यावर काठी तशीच ठेवली तर सगळा ओघळ खालच्या बाजूला गोळा होतो. म्हणून वाळेपर्यंत ती फिरवत राहायची. काकांकडे त्यासाठी हळू फिरणारी छोटी मोटर आहे. आमच्याकडे 38 मुलं आहेत. दर दोन मिनिटांनी एकेकानं उठून सगळ्या काठ्यांना पाव फेरा द्यायचा आणि परत जागेवर बसायचं, अशी पाळी लावली. त्या दिवशी परिसर अभ्यासाचा तास तेवढा शांततेत कधीच झाला नव्हता.

पहिलीच्या बाईंनी काठ्या नेल्या, पण त्या जरा आखूड पडतात असं त्यांचं म्हणणं आलं आहे. आता दीड मीटरच्या करायच्या ठरल्या आहेत. म्हणजे मध्ये तिसरा आधार लागणार, आणि तो कुठे ठेवायचा यावर त्या मुलाचं आणि रॉडवाल्या काकांच्या लेकीचं कालपासून वाजलं आहे. कोणाच्या घरी बुटाचे रिकामे खोके असतील तर टाकू नका, शाळेत पाठवा.