चुलीच्या मापाचे सरपण

आपल्या वसतिगृहाच्या मोठ्या चुलीत दीड फुटाहून लांब लाकूड मावत नाही. गॅसच्या शेगड्या आल्या, तरी एवढ्या पंगतीचा भात आणि डाळ अजून त्याच चुलीवर शिजते. लाकूड लांब असले की त्याचे टोक बाहेर धुमसत राहते आणि तो धूर भाकरी थापणाऱ्या मावशींच्या डोळ्यांत जातो.

आम्ही येथे शिकत होतो तेव्हा हे माप कुऱ्हाडीने साधावे लागे. रविवारची वंदना आटोपली की वरच्या वर्गांची पाळी लागे. लाकूड उभे फोडताना कुऱ्हाड रेषेरेषेने उतरते. आडवे तोडताना प्रत्येक रेषा छेदावी लागते, आणि लाकूड बाभळीचे असले तर दोन ओंडक्यांतच तळहाताला फोड येत. एकदा एका मुलाची आजी भेटीला आली आणि तिने तेथेच विचारले, "पोराला शिकाया धाडलं, का लाकडं फोडाया?" गावकीत मयताची लाकडे वाहण्याचे काम आपल्या वाडवडिलांच्या गळ्यात वतन म्हणून बांधलेले होते. त्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. आजींना हे साल ठाऊक असण्याचे कारण नव्हते. लाकडे ठाऊक होती. आपले सरपण आपण फोडणे निराळे, असे गुरुजींनी समजावले. आजींना ते पटले नाही, आणि आमच्या मते त्यांचे न पटणे रास्त होते.

पुढे आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून विजेवर चालणारी साखळीची करवत शाळेला दिली. दर उन्हाळ्यात दोन दिवस येऊन पावसाळ्याचे सरपणही आम्हीच कापतो. मुलांनी करवतीला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे.

पेट्रोलच्या करवतीपेक्षा हिचा आवाज कमी आणि धूर मुळीच नाही. मात्र वायर जाड हवी. लांब आणि बारीक वायर जोडली तर दाब उतरतो आणि मोटर तापते. ओंडका जमिनीवर ठेवून कापू नये. साखळी एकदा मातीला लागली की धार गेलीच. आम्ही लाकडी घोडी केली आहे. घोडीबाहेर लोंबणारा भाग कापला की काप आपोआप उघडतो; दोन्ही टेकूंच्या मधोमध कापला तर ओंडका खचून पात्याला चिमटा घेतो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत उसळून थेट अंगावर येते. म्हणून करवत दोन्ही हातांनी धरायची आणि तोंड तिच्या रेषेत आणायचे नाही. साखळी ताणायची असेल तर आधी प्लग काढायचा. धार शाबूत आहे की नाही हे खाली पडणाऱ्या चुऱ्यावरून कळते: कीस जाडसर पडला तर ठीक, पिठासारखा पडू लागला की कानस घ्यावी.

करवतीने आडवे कापण्याचे कष्ट गेले. फोडणे आणि वाळवणे आहेच. ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे लाकूड पेटवले की पुष्कळशी आच त्यातले पाणी आटवण्यातच खर्ची पडते, उरतो तो धूर. लाकडातले पाणी कापलेल्या टोकांतून लवकर निघते, म्हणून आखूड तुकडे आधी वाळतात. फोडलेली लाकडे आम्ही विटांवर आडवी-उभी रचतो, वर पत्रा टाकतो, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवतो. बारीक ढलप्या आंघोळीच्या बंबाला जातात.

यंदाची रास आम्ही मोठ्या अभिमानाने मावशींना दाखवली. त्यांनी दोन-दोन लाकडे उचलून एकमेकांवर आपटून पाहिली. वाळलेले लाकूड खणखणते, ओले बद्द वाजते. सात लाकडे त्यांनी बाजूला काढली आणि आम्हाला ती पुन्हा उन्हात टाकायला लावली.