थांबायला किती जागा लागते?

मुंबई-पुण्याहून गावी पोहोचलं की पहिला प्रश्न ठरलेला. "किती तासांत आलास?" आमचं गाव पोलादपूरजवळ, त्यामुळे हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकलाय. कमी तास सांगणारा हिरो, जास्त सांगणाऱ्याची सगळ्यांना कीव. खरं तर या रस्त्यावर दुसराच प्रश्न विचारायला हवा. तुझ्या गाडीला थांबायला किती जागा लागते? शेवटी इंजिनियर पडलो, गणित केल्याशिवाय राहवत नाही :)

तर मंडळी, अकरावीचं फिजिक्स थोडं आठवा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट. शिवाय काहीतरी दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीडेक सेकंद जातो आणि तेवढा वेळ गाडी त्याच वेगाने पळत असते. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर, म्हणजे २५ मीटर तर असेच गेले. पुढे कोरड्या डांबरावर (घर्षणांक ०.७ धरून) आणखी २०, ओल्या रस्त्यावर (०.४ धरून) ३५. पावसात एकूण ६० मीटर. ताशी ८० ला हाच आकडा ९६ होतो! गंमत म्हणजे या सूत्रात गाडीचं वजन येतच नाही, दोन्ही बाजूंनी कटतं.

वजन आपला हिशोब चुकता करून घेतं ते घाटात. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना १२०० मीटरहून जास्त उंची कमी होते. १० टनांच्या बससाठी ही ऊर्जा भरते सुमारे १२ कोटी ज्यूल. तीच बस ताशी ६० वरून ८५ वेळा थांबवण्याइतकी! थोडी हवा आणि टायर खातात, बाकीची उष्णता होऊन कुठेतरी जायलाच हवी. सगळी ब्रेकवर टाकली तर ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही.

आमचे काका एसटीत ड्रायव्हर होते. त्यांचा एकच नियम, "ज्या गिअरात चढशील, त्याच गिअरात उतर." इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक वळणासाठी थंड राहतात. इंधन वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्यांवर ते भयंकर चिडायचे. आजच्या इंजिनात तर तो युक्तिवादही टिकत नाही, कारण गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो.

आता अवघड भाग. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बस आणि आणखी वाहनं नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसं गेली.

रात्रीच्या पावसात लो बीमवर ४० मीटर दिसलं तरी खूप झालं. वरच्याच सूत्राने ओल्या रस्त्यावर ताशी ४० ला ३२ मीटर लागतात, ५० ला ४५. म्हणजे पन्नासलाच आपण न दिसणाऱ्या रस्त्यावर भरवसा टाकलेला असतो. त्या ड्रायव्हरांना बोल लावण्याचा प्रश्नच नाही. पुढे पूल असेल की नाही अशी शंका घेत कोणी गाडी चालवत नाही आणि तशी चालवायची वेळ कोणावर येऊही नये. हायवेवरची सगळी वाहतूक याच भरवशावर चालते. तो राखायचं काम पुलांची तपासणी करणाऱ्यांचं, स्टिअरिंगवर बसलेल्याचं नाही.

जून २०१७ मध्ये नवा पूल खुला झाला. कशेडीला बोगदा झाला, रस्ता रुंद झाला. चांगलंच झालं. पण रस्ता सुधारला की आपला वेग वाढतो आणि पाऊस पडला की घर्षणांक मात्र तेवढाच उरतो.

असो. आपल्या हातात एवढंच आहे की दिवे जेवढं दाखवतात तेवढ्यात थांबता येईल असा वेग ठेवायचा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. गावी पोहोचल्यावर तासांचा आकडा मोठा सांगायची तयारी ठेवा, बस्स.