एक हेलपाटा वाचवला तर

आमचे शिलाईचे दुकान रोह्याला. दुकान म्हणजे काय, घराच्या पडवीत दोन मशीन आणि कपडे टांगायला एक दांडी. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको अशी कामे मी करते. वर्षानुवर्षे माझा एकच हिशेब होता: कपडा वहीत लिहायचा, वार सांगायचा आणि गिऱ्हाईक येईल तेव्हा द्यायचा.

गेल्या लग्नसराईत पेणची एक बाई आली. तिचे माहेर रोह्याचे. पेणला गणपतीच्या कारखान्यात ती रंगकाम करते. भावाच्या हळदीसाठी तिने ब्लाऊज टाकला होता. मी बुधवार सांगितला होता. पण मध्ये दोन दिवस विजेचा खेळखंडोबा झाला आणि ब्लाऊज तसाच राहिला. पेण, कासू, नागोठणे, रोहा या मार्गावर गाड्या मोजक्या. एक चुकली की अर्धा दिवस गेलाच. ती धावतपळत आली. ब्लाऊज झाला नाही हे ऐकून भांडली नाही. एवढेच म्हणाली, "ताई, एक फोन तरी करायचा. आजचा खाडा झाला."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपणही मजुरीचीच माणसे. दवाखान्यात नंबर लावायला पहाटे उठणारी, "उद्या या" ऐकून कचेरीतून परत फिरणारी. दुसऱ्याच्या दारात आपण हे सोसतो आणि आपल्या दारात आलेल्या बाईला मी तेच केले!

माझी मुलगी कॉलेजला आहे. ती म्हणाली, "आई, फोन तुझ्या हातातच आहे. तो फक्त रील बघायला आहे का?" तिने माझ्या मोबाईलवर व्हॉट्सॲप बिझनेस घेऊन दिले. २०१८ साली निघालेले हे ॲप लहान दुकानदारांसाठी फुकट आहे. त्यात दुकानाची वेळ, पत्ता, शिलाईचे दर आणि नमुन्यांचे फोटो घातले. दुकान बंद असताना निरोप आला तर ठरवलेले उत्तर आपोआप जाते. कोणाचे काम नवे, कोणाचे तयार, कोणाचे पैसे बाकी, अशा खुणाही करता येतात. आता कपडा झाला की मी फोटो पाठवते. उशीर होणार असेल तर आदल्या दिवशीच कळवते.

पैशांचेही तसेच. यूपीआय २०१६ साली सुरू झाले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला आलेल्या सरकारी ॲपला बाबासाहेबांच्या नावावरून 'भीम' हे नाव मिळाले. आता पेणची बाई तिकडून पैसे पाठवते आणि इथे तिचा भाऊ कपडा घेऊन जातो. मात्र बहिणींनो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याच खात्यातून जाणार. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा.

मुलीला मी एक मात्र बजावले: वही बंद करायची नाही. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी आजी-मावशींकडे बटणांचा फोन आहे. त्यांना मी स्वतः फोन करते. साध्या फोनवरून पैसे पाठवण्याची सोयही झाली आहे, पण रोख देणारीलाही माझ्याकडे तेवढाच मान. ज्याच्याकडे मोठा मोबाईल नाही तो रांगेत मागे, असे झाले तर ती सोय कसली?

सलूनवाला, नळ-वायरिंग करणारा, फ्रीज दुरुस्त करणारा, ब्युटी पार्लर चालवणारी बहीण, सर्वांना हे जमण्यासारखे आहे. सलूनवाल्याने "सात वाजता या" असे कळवले तर धाटावच्या कारखान्यातून सुटलेल्या कामगाराचा तासभर वाचेल. तो तास तो मुलांच्या अभ्यासाला देईल.

परवा पेणच्या बाईचा निरोप आला, "ताई, ड्रेस झाला का?" मी फोटो पाठवला आणि लिहिले, "झाला आहे. सुट्टीच्या दिवशी या." ती रविवारी आली, चहा घेतला. खाडा झाला नाही.

मोबाईल काही कपडे शिवत नाही. खोटा वायदा वहीत लिहिला काय आणि मोबाईलवर दिला काय, खोटाच. पण खरे वेळेवर सांगायचे असेल, तर आता सबब उरलेली नाही.